दोन संगणक, एक दप्तर

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. व्याख्याते संस्थेच्या माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनात प्रश्न आला असेल की, कलाशाखेचा हा शिक्षक संगणकाच्या अंतरंगात कशाला शिरतो आहे? मी वर्गात भाषा शिकवतो आणि त्याबरोबर शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारीही सांभाळतो. ज्या यंत्रणेवर आपल्या घराघरांतील व्यवहार उभा आहे, ती केवळ इंजिनिअर मंडळींनीच समजून घ्यावी आणि आपण फक्त रांगेत उभे राहावे, हे मला मान्य नाही. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे : एक सर्व्हर बंद पडला तरी काम थांबू नये यासाठी दोन सर्व्हर एकाच सामाईक साठ्याला कसे जोडतात, आणि ही जोडणी नेमकी कोठे फसते.

सर्व्हर म्हणजे सेवा देणारा संगणक. आपल्या हातातील मोबाईल प्रश्न विचारतो, दूर कोठेतरी असलेला सर्व्हर उत्तर देतो. बँकेतील शिल्लक, रेशनचा अंगठा, दहावी-बारावीचा निकाल, सातबारा, प्रवेशपरीक्षेचा अर्ज ही सगळी उत्तरे अशाच यंत्रांतून येतात. यंत्र बंद पडले की काय होते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असतो. आई रोजंदारी बुडवून मुलीला घेऊन संगणक केंद्रावर येते. पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहते, आणि संध्याकाळी पाच वाजता केंद्रवाला सांगतो, "ताई, सर्व्हर डाऊन आहे, उद्या बघू." मुदत वाढली तर ठीक, न वाढली तर त्या मुलीचे वर्ष अडचणीत येते. मुंबईत बसलेल्या माणसाला चार तास म्हणजे चार तास असतात; आपल्याकडे ते एका कुटुंबाच्या दिवसभराच्या मजुरीएवढे आणि कधीकधी एका मुलीच्या शिक्षणाएवढे महाग पडतात. म्हणून "सर्व्हर डाऊन" हे नशीब नाही, ती व्यवस्थेतील उणीव आहे, आणि ती दूर करण्याची विद्या आपली मुले शिकू शकतात, हे मला आज सांगायचे आहे.

कारकून आणि जनरल रजिस्टर

ही व्यवस्था समजण्यासाठी आपल्या शाळेच्या कार्यालयात चला. तेथे एक कपाट आहे आणि त्या कपाटात जनरल रजिस्टर आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस सगळे त्यात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. आता समजा, कार्यालयात एकच कारकून आहे आणि तो आजारी पडला. दाखले थांबले. संस्थेने विचार केला आणि दुसरा कारकून नेमला. पहिला आला नाही तर दुसरा काम करील. झाले ना काम? नाही झाले. दुसऱ्या कारकुनाला कपाटापर्यंत पोहोचता आले पाहिजे, त्याच्याजवळ किल्ली पाहिजे, आणि रजिस्टर तेच पाहिजे. त्याने घरून स्वतःची वेगळी वही आणली, तर कालच्या नोंदी त्यात नसणार.

संगणकाच्या भाषेत कारकून म्हणजे सर्व्हर आणि कपाटातील रजिस्टर म्हणजे स्टोरेज, अर्थात सामाईक साठा. पूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या पोटातच त्याची डिस्क असे. सर्व्हर गेला की माहितीही त्याच्या पोटात अडकून पडे. त्यावर तोडगा असा निघाला की, डिस्क सर्व्हरच्या पोटातून बाहेर काढून एका वेगळ्या, भक्कम पेटीत ठेवायच्या आणि दोन किंवा अधिक सर्व्हर त्या पेटीला जोडायचे. एक सर्व्हर पडला तर दुसरा त्याच डिस्क हाती घेतो आणि काम पुढे नेतो. सर्व्हरांच्या अशा गटाला क्लस्टर म्हणतात, आणि काम एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याला फेलओव्हर म्हणतात. ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ साली आपले व्हॅक्स संगणक अशा प्रकारे जोडून दाखवले होते. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये विंडोज एन. टी. साठी दोन सर्व्हरांची अशी सोय आणली. आज विंडोजच्या एका क्लस्टरमध्ये ६४ पर्यंत सर्व्हर बसतात.

एक गणित

विद्यार्थी मित्रांनो, आता वही काढा. वर्षाचे तास किती? ३६५ गुणिले २४, म्हणजे ८,७६०. एक सर्व्हर शंभरातील नव्याण्णव वेळ चालू असतो असे धरू. ९९ टक्के गुण मिळवणारा मुलगा आपण डोक्यावर घेऊ. पण असा सर्व्हर वर्षात ८७ तास ३६ मिनिटे बंद असतो, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक.

आता असे दोन सर्व्हर घेऊ. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक. वर्षातील बंद वेळ उरला जेमतेम साडेबावन्न मिनिटे. साडेतीन दिवसांवरून तासाच्या आत! दुसऱ्या सर्व्हरवरील खर्च सार्थकी लागला असे वाटते.

पण थांबा. हे दोन्ही सर्व्हर ज्या एका पेटीला जोडले आहेत, ती पेटीही ९९ टक्केच चालत असेल तर? पेटी बंद म्हणजे दोन्ही सर्व्हर रिकामे. मग एकूण हिशेब ९९.९९ टक्के गुणिले ९९ टक्के, म्हणजे साधारण ९८.९९ टक्के. वर्षाला बंद वेळ सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी तास. म्हणजे एकाच सर्व्हरने काम चालवले असते तर जेवढा वेळ गेला असता, त्याहूनही थोडा जास्त! दोन कारकून नेमले, पण कपाटाची किल्ली एकच आणि ती हरवलेली.

पालक हो, माझ्या भाषणातील मुख्य मुद्दा हाच आहे. जे दोन आहेत त्यांच्याकडे लक्ष जाते. जे एकच आहे ते डोळ्यांआड राहते. आणि यंत्रणा नेहमी त्या "एकच" असलेल्या जागी मोडते.

जोडणी कशी करतात

म्हणून जाणकार माणूस पेटीपासून सर्व्हरपर्यंतच्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून विचारतो, "ही एकच आहे का?" चांगल्या पेटीत डिस्क अनेक असतात आणि नोंदी अशा विखरून ठेवलेल्या असतात की, एखादी डिस्क जळाली तरी बाकीच्यांवरून तिची माहिती परत उभी करता येते. या पद्धतीला रेड म्हणतात. पेटीचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, दोन असतात. वीज घेण्याचे पुरवठे दोन असतात, आणि ते दोन वेगवेगळ्या वीजजोडण्यांवर लावायचे असतात. दोन्ही प्लग एकाच विस्तारपट्टीत खुपसले, तर दोन असण्याचा उपयोग संपला.

पेटीपासून सर्व्हरपर्यंतची वाट तीन प्रकारची असते. पहिला प्रकार म्हणजे सर्व्हर पेटीला थेट केबलने जोडणे. याला सॅस जोडणी म्हणतात. सर्व्हर दोन-तीनच असतील तर ही सर्वांत सोपी आणि स्वस्त. प्रत्येक सर्व्हरमधून दोन केबल निघतात, एक पहिल्या कंट्रोलरला आणि एक दुसऱ्या कंट्रोलरला. दोन सर्व्हरांच्या मिळून चार केबल. दुसरा प्रकार फायबर चॅनेलचा. यात काचेच्या तंतूतून प्रकाशाने माहिती जाते, मध्ये खास स्विच असतात, आणि ते स्विचही दोन, एकमेकांपासून अलग ठेवलेले. एकाकडील बिघाड दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. मोठ्या बँका आणि रुग्णालये पुष्कळदा हा मार्ग घेतात. तिसरा प्रकार आयस्कझीचा. यात कार्यालयातील नेहमीच्या नेटवर्क केबलमधूनच डिस्कची भाषा बोलली जाते. २००४ मध्ये याचा नियम ठरला आणि लहान संस्थांनाही सामाईक साठा परवडू लागला. मात्र डिस्कची ही वाहतूक कार्यालयाच्या इतर वाहतुकीत मिसळू द्यायची नसते. बाजारच्या दिवशी गर्दीच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका नेण्यासारखे ते होते. तिला स्वतंत्र वाट हवी.

येथे एक गंमत आहे. सर्व्हरला एकच डिस्क दोन वाटांनी दिसू लागली की, त्याला वाटते डिस्क दोन आहेत. एकाच घराला पुढचे आणि मागचे दार असावे आणि टपालवाल्याने ती दोन घरे समजावीत, तसे. मग त्याला सांगावे लागते की, बाबा, घर एकच आहे, दारे दोन आहेत. पुढचे बंद असेल तर मागून ये. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला मल्टिपाथ म्हणतात. केबल दोन टाकल्या आणि मल्टिपाथ लावायचे राहिले, तर दुसरी वाट कामाला येत नाहीच, उलट एकाच डिस्कवर दोन डिस्क समजून लिहिले गेले तर नोंदी बिघडण्याचा धोका उभा राहतो.

एका म्यानात दोन तलवारी

वाटा झाल्या. आता सर्वांत अवघड प्रश्न. दोन्ही कारकून कपाटापर्यंत पोहोचले आणि दोघांनीही एकाच वेळी रजिस्टर उघडले तर? पहिल्याने नव्या मुलाला ४५१ क्रमांक दिला, त्याच क्षणी दुसऱ्यानेही दुसऱ्या मुलाला ४५१ दिला. त्या दिवशी कोणाच्या लक्षात येणार नाही. दहा-बारा वर्षांनी तो मुलगा पडताळणीला दाखला घेऊन जाईल, तेव्हा एका क्रमांकावर दोन जन्मतारखा निघतील. काम चार तास बंद पडले तर नुकसान मोजता येते. नोंद खोटी झाली तर नुकसान किती, हे कळायलाच वर्षे लागतात. म्हणून या शास्त्राचा पहिला नियम असा की, काम थांबले तरी चालेल, पण नोंद बिघडता कामा नये. आपल्या बोलीत ज्याला अमानत म्हणतात, तीच ही गोष्ट. लोकांची माहिती आपल्या हाती सोपवलेली असते. ती जशीच्या तशी राहिली पाहिजे.

दोन सर्व्हर साधारण दर सेकंदाला एकमेकांना हाक मारत असतात, "मी आहे, तू आहेस का?" या हाकेला हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका म्हणतात. ठराविक हाकांना उत्तर आले नाही की, दुसरा समजतो की पहिला गेला, आणि काम हाती घेतो. पण समजा, पहिला ठणठणीत आहे आणि फक्त हाक मारण्याची तार तुटली आहे. मग दोघेही समजतात की दुसरा गेला. दोघेही धनी होतात आणि दोघेही लिहू लागतात. आपल्याकडे म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. येथे म्यान फाटते, म्हणजे नोंदींचा सत्यानाश होतो. सर्वसाधारण डिस्करचना एकाच लिहिणाऱ्यासाठी केलेली असते. दोघांनी एकदम लिहायचे असेल तर त्यासाठी खास, आपसांत कुलूप सांभाळणारी रचना वापरावी लागते.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे पंच. दोघांत वाद झाला तर तिसऱ्याचे मत लागते. म्हणून एक छोटी डिस्क, किंवा तिसऱ्या संगणकावरील एक फाईल, साक्षीदार म्हणून ठेवतात. मते झाली तीन. ज्याच्याकडे दोन मते, त्याने काम करावे. ज्याच्याकडे एकच मत उरले, त्याने गप्प बसावे. दोनांत बहुमत होत नाही, तीनांत होते, एवढे साधे गणित हजारो यंत्रणा सावरून धरते. दुसरा उपाय कुंपणाचा. स्टोरेजची पेटी स्वतःच नोंद ठेवते की, या डिस्कवर लिहिण्याचा हक्क सध्या कोणाचा. दुसरा सर्व्हर काम हाती घेताना आधी पहिल्याचा हक्क रद्द करवतो, मगच लेखणी उचलतो. काही ठिकाणी तर पहिल्या सर्व्हरची वीजच तोडतात, म्हणजे तो अर्धवट शुद्धीत येऊन काही लिहू शकणार नाही.

काम करण्याचा क्रमही ठरलेला आहे आणि तो पाळावा लागतो. आधी पेटीत जागा वाटून घ्यायची आणि ती फक्त या दोन सर्व्हरांनाच दिसेल अशी मर्यादा घालायची. मग दोन्ही वाटा जोडायच्या. मग मल्टिपाथ. मग एकाच सर्व्हरवरून डिस्क तयार करायची. त्या वेळी दुसऱ्याने हात लावायचा नाही. मग पडताळणीची चाचणी चालवायची. मग क्लस्टर बांधायचा आणि साक्षीदार नेमायचा. आणि शेवटी, सर्व काही सुरळीत चालू असताना, मुद्दाम केबल ओढून पाहायची.

मुंबईत काय घडले

ही शेवटची पायरी किती महत्त्वाची, याचे उदाहरण आपल्याच राज्याच्या राजधानीत घडले आहे. मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एन. एस. ई., हा देशातील सर्वांत मोठा शेअर बाजार. त्यांच्याकडे पैशाची, यंत्रांची किंवा तज्ज्ञांची वाण नव्हती. मुख्य केंद्रातील स्टोरेज जवळच्याच एका राखीव केंद्रातील स्टोरेजशी जोडलेले होते, म्हणजे नोंदी दोन्हीकडे उतरत. दोन केंद्रांमधील तारा दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या होत्या. कागदावर पाहिले तर कोठेही काही "एकच" नव्हते.

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास बाजार थांबवावा लागला. पुढे बाजाराने दिलेल्या खुलाशानुसार, दोन्ही कंपन्यांच्या तारांमध्ये अस्थिरता आली होती, आणि कंपन्यांनी त्याचे मुख्य कारण सांगितले ते दोन केंद्रांमधील रस्त्यालगतचे खोदकाम व बांधकाम. पाहा, कंपन्या दोन होत्या. पण कुदळ कोणत्या कंपनीची तार आहे हे विचारत नाही.

तरीही बाजार थांबायला नको होता. तारा तुटल्या तरी मुख्य केंद्रातील स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवावे, अशीच ती रचना होती. प्रत्यक्षात ते तसे वागले नाही. मुख्य केंद्रातील सर्व्हरांना आपल्याच शेजारचे स्टोरेज पोहोचेनासे झाले. सौदे करणारी यंत्रे चालू होती. पण सौद्यातील जोखीम तपासणारी आणि हिशेब चुकते करणारी यंत्रणा त्या स्टोरेजवर अवलंबून होती. कारकून हजर, कपाट जागेवर, पण कपाटाचे दार उघडेना. जोखीम न तपासता व्यवहार चालू ठेवणे म्हणजे लोकांच्या पैशाशी खेळ. म्हणून बाजार थांबवणे भाग होते. दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी, म्हणजे रोजची वेळ संपल्यावर, बाजार पुन्हा उघडला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालवला गेला.

या घटनेनंतर मार्च २०२१ मध्ये सेबी या नियामक संस्थेने शेअर बाजारांसाठीचे नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांच्या आत राखीव केंद्रावरून काम सुरू करायचे, असे बंधन आले. पुढे २ मार्च २०२४ या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, बाजार मुद्दाम उघडून मुख्य केंद्रावरील काम राखीव केंद्रावर हलवण्याचा खराखुरा सराव केला गेला. म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेलाही केबल ओढून पाहण्याचा धडा गिरवावा लागला. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे आपल्या आजोबांनी सांगितले होते. विहीर खणून झाल्यावर पोहरा टाकून पाणी लागते का तेही अधूनमधून पाहावे, एवढी भर आपण त्यात घालू या.

हे काय करीत नाही

एखादी विद्या शिकताना तिची मर्यादाही माहीत असावी. फेलओव्हर म्हणजे जादू नव्हे. दुसरा सर्व्हर काम हाती घेतो त्यात काही सेकंद, कधी काही मिनिटे जातात. अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द होतो आणि तो पुन्हा करावा लागतो. दुसरे म्हणजे, सामाईक साठा हा राखीव प्रतीला पर्याय नाही. रजिस्टरातील पान कोणी चुकून फाडले, तर ते दोन्ही कारकुनांसाठी फाटलेलेच असते. फाईल चुकून पुसली गेली किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केली, तर दोन्ही सर्व्हरांना ती तशीच दिसते. म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली वेगळी प्रत हवीच. रेड आहे, क्लस्टर आहे, म्हणून बॅकअप नको, असे म्हणणारा माणूस छत्री आहे म्हणून घराला छप्पर नको असे म्हणतो.

आपल्या जिल्ह्याचे काय

पालक हो, तुम्ही म्हणाल, हे सगळे मुंबईचे. आमच्या हिंगोलीला याचे काय? तर ऐका. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा प्रकल्प होत आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा आहे. अशा वेधशाळा रात्रंदिवस नोंदी घेत असतात. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील दोन वेधशाळांनी जी पहिली लहर टिपली, ती एका सेकंदाच्या साधारण पाचव्या भागातच येऊन गेली होती. शंभर कोटी वर्षांहून अधिक प्रवास करून आलेली ती लहर नोंदवणारे स्टोरेज नेमके त्या क्षणी बंद असते, तर तिला "उद्या या" असे सांगता आले नसते. शास्त्रज्ञ देशोदेशीचे येतील. पण तेथील यंत्रे, तारा, वीज आणि साठा रात्री दोन वाजता चालू ठेवणारी माणसेही लागतील. ती माणसे वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि हिंगोलीची का असू नयेत?

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागांत मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत. पुण्यात आहेत. तेथे ज्याला केबल कोठून कोठे जाते हे समजते आणि जो बिघाडाच्या वेळी गोंधळत नाही, त्याची गरज असते. आपल्या समाजात अजूनही "कॉम्प्युटर शिकला" म्हणजे टायपिंग शिकला, अशी समजूत आहे. एम. एस. सी. आय. टी. चे प्रमाणपत्र घरी आले की शिक्षण पूर्ण झाले असे आपण समजतो. ते पहिले पाऊल आहे, मुक्काम नव्हे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. या कामात ओझी उचलायची नसतात. नीट वाचणे, क्रम पाळणे आणि नोंद ठेवणे हेच खरे कौशल्य. वह्या सर्वांत नीट कोणाच्या असतात हे शिक्षकाला विचारा. आपल्या मुलींच्या असतात. तेव्हा हे क्षेत्र मुलांचे, असे ठरवून मुलींना त्यापासून दूर ठेवू नका.

खर्चाची भीतीही नको. ही विद्या शिकायला लाखांचे स्टोरेज लागत नाही. तीन जुने संगणक, एक साधा नेटवर्क स्विच आणि काही केबल पुरेत. एका संगणकाला स्टोरेज बनवायचे, दोघांना सर्व्हर. लिनक्स मोफत आहे. पेसमेकर, कोरोसिंक ही क्लस्टरची सॉफ्टवेअरही मोफत आहेत. तीन संगणक नसतील तर १६ जीबी मेमरीच्या एकाच संगणकात तीन आभासी संगणक उभे करता येतात. इंग्रजीची अडचण येते, हे खरे. पण आज मी जे मराठीत सांगितले, त्याचा सारांश समजला असेल, तर इंग्रजी शब्द हे फक्त वस्तूंची नावे उरतात.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या संगणक कक्षात वापराबाहेर गेलेले तीन संगणक या कामासाठी द्यावेत. नववीपासून बारावीपर्यंतचे इच्छुक विद्यार्थी-विद्यार्थिनी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास थांबतील, त्यांच्याबरोबर मी थांबेन, आणि जे मला येत नाही ते आपण पॉलिटेक्निकच्या मंडळींना बोलावून शिकू. पुढच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या प्रतिकृतीशेजारी आपला एक क्लस्टर मांडलेला असावा. पडद्यावर शाळेचा निकाल दिसत असेल. विद्यार्थ्यांनी पाहुण्यांना सांगावे, "साहेब, या दोघांपैकी कोणत्याही एका संगणकाचा प्लग आपल्या हाताने काढा." पाहुण्यांनी प्लग काढावा, पडदा क्षणभर अडखळावा, आणि निकाल पुन्हा दिसू लागावा.

आणि त्यानंतर त्या विद्यार्थ्यांनी स्वतःहून तिसऱ्या संगणकाकडे, त्या स्टोरेजकडे बोट दाखवून सांगावे, "मात्र हा आमच्याकडे अजून एकच आहे. पुढच्या वर्षी दोन करू." ज्या दिवशी आपली मुले असे बोलतील, त्या दिवशी ती हा विषय खरोखर शिकली असे मी समजेन.



जय हिंद, जय महाराष्ट्र.